ग्रीन

होळी होऊन आठ दिवस झाले होते.
अण्णांना जीपमध्ये पुढं बसवलं,
मांडीवर कळण्याच्या भाकरींचं फडकं,
आणि चोपड्याहून सातपुड्यात शिरलो
एक उतार बघायला,
ज्यावर, ते म्हणतात, नऊ भोकं होती.

माझी पन्नाशी उलटली. तोवर मी ती थापच धरून चाललो होतो.

जंगलखात्याचा साहेब, स्कॉटलंडचा. नाव मॅकरे.
गावानं त्याचा मकऱ्या केला.
आमच्याकडचा डोंगर हुबेहूब असाच, तो म्हणे,
फक्त हा कुणीतरी वाळत घातलाय.
तिकडं धुकं, ओलं गवत, दगडी बांधाला टेकलेल्या मेंढ्या,
शेवटच्या भोकावरून दिसणारा समुद्र.
इकडं सागाची पानं पापडासारखी मोडायची
आणि चेंडूमागं धावायला दहा वर्षांचा उखर्डू,
अनवाणी,
हप्त्याला दोन आणे.

गवत जगेना.
मग भोकाभोवती वाळू अंथरली,
मोटारीचं जळकं तेल कालवलं, पोरांनी पायांनी दाबलं,
आणि त्या काळ्या चकतीला साहेब म्हणाला, ग्रीन.
अण्णा शाळेत गेले ते त्यानंतर.
गुरुजींनी सांगितलं, ग्रीन म्हणजे हिरवा.
हात वर करून हे म्हणाले,
नही गुरुजी, काया.
छडी बसली. मत बदललं नाही.

वर पोचलो तर माळ. नुसता माळ.
मोहाखाली फुलं वेचणाऱ्या दोन बाया,
पंधराएक शेळ्या, त्यांच्यामागं रुमली नावाची पोर.
काय शोधता बाबा?
भोक, अण्णा म्हणाले.
तिनं सायाळीचं दाखवलं. मग घोरपडीचं.

मी मोबाइलवर नकाशा काढला.
त्यावर तिथं फिकट पिवळा रंग, बाकी काही नाही.
अण्णांनी चपला काढल्या.
टाच घासत, थांबत, अंधारात मोरीकडं जाणाऱ्या माणसासारखे
चालत राहिले, आणि एका जागी काठी रोवली.
आठे शे. सातवं.
उकरलं. बोटभर खाली माती जराशी काळी,
की मला तसं वाटलं.
चिमूट नाकाशी नेऊन म्हणाले, तेल.
मला वास आला नाही. आला, म्हणालो.

मग बंडीच्या खिशातून त्यांनी तो काढला.
पिवळा पडलेला, खळग्याखळग्यांचा.
लहानपणी गल्लीत खेळायला मागितला होता मी,
तेव्हा थप्पड खाल्ली होती. का, ते आत्ता कळत होतं.
हरपी गया, सांगं मी त्याले.
दोन आना कापी लिधात त्यानी. आख्खा हप्ता.

एवढंच बोलले.
चोरी परत करायला आलेत
की कापलेला हप्ता मागायला,
त्यांच्या तोंडावरून ओळखता येईना.

साहेबाला शेवटपर्यंत न उमगलेली एक गोष्ट होती.
डोळ्याला हा उतार उगवतीकडं पडतो,
पण आतून सगळा डोंगर अनेर नदीकडं कललेला.
पाणी, चेंडू, शेळीची लेंडीसुद्धा तिकडंच जाते.
पोराला कुणी विचारलं नाही,
पोरानंही सांगितलं नाही.
मकऱ्या दर रविवारी चुकायचा
आणि आकाशाकडं बघून त्याच्या भाषेत काहीतरी म्हणायचा.

अण्णांनी चेंडू ठेवला, काठीनं हलकेच ढकलला.
चढावर निघाला असं वाटलं,
मग वळला,
गवताच्या थोटकांतून ठेचकाळत अनेरकडं,
आणि शेळीच्या खुरानं केलेल्या खळग्यात बसला.
एका करडानं हुंगून सोडून दिला.

रुमली धावली. उचलला, परकराला पुसला,
आणि दुसरा हात पुढं करून उभी राहिली.
अण्णांनी खिसा चाचपला, माझ्याकडं बघितलं.
दोन आना दे तिले.

माझ्याकडं पाचशेची नोट होती, आणि भाकरी.
तिनं भाकरी घेतली.
चेंडू मात्र दिला नाही.